कागदावर कॉलेज

लंडनच्या वायव्येला, वॉटफर्ड शहराच्या जरा पूर्वेला, लेचमोर हीथ नावाचं खेडं आहे. मध्ये हिरवळ, कडेला तळं, जवळच पब, आणि समोरून गाडी आली तर आपण बाजूला थांबावं असे रस्ते. या खेड्यात १८८४ साली बांधलेलं पिगॉट्स मॅनर नावाचं मोठं घर आहे. काळ्या तुळया आणि पांढऱ्या भिंती मिरवत आपण ट्यूडर राजांच्या काळातले आहोत असा आव आणणारं, पण मुळात व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतलं. आज त्याला भक्तिवेदान्त मॅनर म्हणतात आणि जन्माष्टमीला तिथं हजारो माणसं लोटतात.

बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं १९७३ साली हे घर घेऊन इस्कॉनला दिलं, एवढी गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असते. सांगताना ऊरही थोडा भरून येतो. मला मात्र त्या व्यवहारातली एक कोरडी, कारकुनी बाब जास्त महत्त्वाची वाटते. हॅरिसनच्या आधी त्या घरात लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या नर्सिंगच्या मुली राहून शिकत असत. नगररचनेच्या भाषेत ते निवासी महाविद्यालय होतं. आता तिथं कृष्णभक्तीचं शिक्षण देणारं निवासी महाविद्यालय येणार होतं. कॉलेज जाऊन कॉलेज आलं, वापर बदललाच नाही, सबब नवी परवानगी नको, असं तिथल्या स्थानिक परिषदेनं मानलं. कोणी कोणाला फसवलं नाही. पण त्या एका शब्दानं जो घोळ घातला तो निस्तरायला तेवीस वर्षं लागली, आणि प्रकरण युरोपच्या मानवी हक्क आयोगापर्यंत जाऊन आलं.

हे भांडण धर्माचं नाही, जमिनीच्या वापराचं आहे, असं परिषद शेवटपर्यंत म्हणत राहिली. हे भांडण धर्माचंच आहे, असं भक्त म्हणत राहिले. मला दोघांचंही अर्धंअर्धं पटतं. आणि जे पटत नाही, ते आपल्याकडच्या सोसायट्यांच्या बैठकांत आणि महापालिकांच्या नोटिशींत मला रोज दिसतं, म्हणून हा लेख.

आधी एक साधा प्रश्न. एवढं मोठं घर, बागेसह, विकायला निघतंच कसं?

इंग्लंडमधलं गावाकडचं मोठं घर हे आपल्याकडच्या देशमुखी वाड्यासारखं शेतीच्या खंडावर जगत आलं. १८७० नंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य बाजारात आलं आणि खंड घसरला. १८९४ साली मृताच्या मालमत्तेवर नवा कर बसला आणि १९१९ साली सर्वांत मोठ्या इस्टेटींसाठी तो ४० टक्क्यांपर्यंत चढला. मग नोकर मिळेनात. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं अशी कित्येक घरं ताब्यात घेतली आणि परत केली तेव्हा त्यांची रया गेलेली होती. १९५५ च्या सुमाराला दर पाच दिवसांला असं एक घर पाडलं जात होतं, असा हिशेब सांगतात. जी पाडली गेली नाहीत त्यांना वेगळं गिऱ्हाईक लागलं: शाळा, इस्पितळं, बँकांची प्रशिक्षण केंद्रं, आणि पुष्कळदा एखादा धर्मसंघ. तीस-चाळीस खोल्या, एक मोठं दालन, मागं भाजीचा मळा, बाजारापासून दूर. पाद्री घडवायला आणखी काय हवं?

पण धर्मसंघांची ही सोय त्याहून जुनी आहे आणि तिचा एक धागा थेट मराठीशी येऊन जुळतो. सोळाव्या शतकात राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पाद्री व्हायचं तर देशात शिकण्याची सोय नव्हती. ते करणं गुन्ह्याच्या हद्दीत जात होतं. म्हणून अशा तरुणांना समुद्र ओलांडून फ्रान्स, फ्लँडर्स किंवा रोम गाठावं लागे. त्यातलाच एक थॉमस स्टीफन्स. विल्टशरचा हा मुलगा रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य, झाला, १५७९ साली गोव्यात उतरला, उरलेलं सगळं आयुष्य त्यानं तिथंच काढलं आणि मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. जे १६१६ साली छापलं गेलं त्या ग्रंथातली मराठीची थोरवी गाणारी ओवी आपण शाळेत पाठ केलेली असते, ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’. ती लिहिणाऱ्याला स्वतःच्या देशात धर्मशिक्षणासाठी एक खोलीही कायद्यानं मिळाली नसती, हे मात्र पाठ करताना कोणी सांगत नाही.

त्याच परंपरेतल्या इंग्रज जेझुइटांनी १५९३ साली सेंट ओमेरला कॉलेज काढलं. तिथून हाकलले गेले, दुसरीकडे गेले, तिथूनही उठले. शेवटी १७९४ साली फ्रेंच फौजा लिएजवर चालून आल्या तेव्हा ते चंबूगबाळं आवरून इंग्लंडला परतले. तोवर तिथला कायदा थोडा सैल झाला होता. थॉमस वेल्ड नावाच्या कॅथलिक जमीनदाराकडे लँकशरमध्ये स्टोनीहर्स्ट नावाचं एक वडिलोपार्जित घर पडून होतं, ते त्यानं त्यांना दिलं. दोनशे वर्षं परदेशात वणवण केलेलं कॉलेज एका रिकाम्या वाड्यात येऊन टेकलं. ते आजही तिथंच आहे.

सगळ्याच घरांचं असं झालं नाही. ऑक्सफर्डशरमधलं हीथ्रॉप पार्क हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एका ड्यूकसाठी बांधलेलं घर. १८३१ साली ते जळालं, पुढं रेल्वेच्या कंत्राटांत अमाप पैसा केलेल्या ब्रासी घराण्यातल्या एका मुलासाठी त्याची पुन्हा उभारणी झाली, आणि १९२६ पासून तिथं जेझुइटांचं धर्मशास्त्राचं महाविद्यालय भरू लागलं. १९७० साली महाविद्यालय लंडनला गेलं आणि लंडन विद्यापीठात सामावलं; घर एका बँकेकडे गेलं, नंतर हॉटेल झालं. विद्यापीठातलं ते महाविद्यालयही आता बंद आहे. म्हणजे वाडा धर्माच्या हाती आला म्हणून तो वाचतोच असं नाही. पाहुणा बदलत राहतो, छप्पर तेवढं टिकतं. स्वतः हॅरिसन राहत होता ते हेन्लीचं फ्रायर पार्क हे घरही त्याच्या आधी ख्रिस्ती जोगिणींच्या ताब्यात होतं आणि ते पडायच्या बेताला आलेलं होतं. जोगिणींचं घर गायकानं घेतलं आणि गायकानं घेतलेलं दुसरं घर देवाला दिलं. असा हा फेरा.

तर १९७३. इस्कॉनचं लंडनमधलं देऊळ तोवर ब्रिटिश म्युझियमजवळच्या एका चिंचोळ्या इमारतीत होतं आणि तिथं पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पिगॉट्स मॅनर मिळालं, इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद आले, त्याच वर्षीच्या जन्माष्टमीला राधा-गोकुलानंदांची प्रतिष्ठापना झाली. आणि इथं मूर्तीची प्रतिष्ठापना झाली म्हटल्यावर पुढचं सगळं आपल्याला, म्हणजे मराठी वाचकाला, न सांगता कळतं. देव बसला की माणसं येणार. ती काही प्रवेशअर्ज भरून येत नाहीत.

ती कुठून आली, हे त्याच्या आदल्या वर्षी ठरलं होतं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २७ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली. त्यांतली बरीच गुजराती, बरीच वैष्णव घरांतली. केनियातून आधीच आलेल्यांच्या जोडीला ही माणसं लेस्टरला गेली आणि लंडनच्या वायव्येला वेम्ब्ली, हॅरो भागात स्थिरावली. तिथून लेचमोर हीथ म्हणजे गाडीनं फार तर अर्धा-पाऊण तास. ज्यांचं घर, दुकान, गाव, देव सगळं मागं राहिलं होतं त्यांना जवळच एक ठिकाण सापडलं, जिथं पहाटे मंगलआरती होते आणि गेल्या पाहुण्याला प्रसाद घेतल्याशिवाय सोडत नाहीत. गोऱ्या पोरांनी धोतरं नेसून चालवलेलं ते देऊळ हिंदुस्थानी माणसांचं कधी झालं, हे त्या पोरांनाही कळलं नसेल.

लेचमोर हीथच्या लोकांना मात्र कळलं. एरवी पोस्टाची गाडी आणि दोन सायकली जाणाऱ्या रस्त्यावर रविवारी गाड्यांची रांग. सणाच्या दिवशी तर बोलायलाच नको. दारासमोर लावलेल्या गाड्या, हिरवळीवर चाकांच्या खुणा, रात्री उशिरा निघणाऱ्या बसगाड्या.

या गावकऱ्यांना वर्णद्वेष्टे म्हणून मोकळं व्हायची आपल्याला घाई असते. काही जण असतीलही. पण आळंदीत कार्तिकी एकादशीला ज्यांच्या दारात आठ दिवस बाहेरची वाहनं उभी असतात, गणपतीत ज्यांच्या खिडकीखाली ढोलपथकाचा सराव चालतो, त्यांनी मनाशी खरं बोलावं. भक्ती कितीही प्रिय असली तरी आपल्याच घरी जाता आलं नाही की माणूस चिडतो. लेचमोर हीथच्या माणसाला तर ती भक्ती प्रियही नव्हती. त्यानं कॉलेज शेजारी येतंय म्हणून ऐकलं होतं. वह्या-पुस्तकं घेतलेली वीस-पंचवीस मुलं हिरवळीवरून शांतपणे जातील, असं त्याच्या डोळ्यांपुढं असणार. नर्सिंगच्या मुली तशाच जात असत.

१९७४ साली इंग्लंडमधल्या स्थानिक स्वराज्य संस्थांची फेररचना झाली आणि हे गाव हर्ट्समीअर या नव्या परिषदेत गेलं. जुन्या परिषदेनं डोळे मिटून दिलेला शब्द नव्या परिषदेच्या गळ्यात पडला. १९८३ साली तडजोड झाली: एका दिवसात हजारांपेक्षा जास्त माणसं यायची नाहीत, वर्षातले सहा सणाचे दिवस तेवढे वेगळे. आता देवळाच्या दारात कोणी हजार माणसं मोजून हजार-एकव्याला परत पाठवलंय, हे कधी पाहिलंय का? तडजोड टिकली नाही. १९८७ च्या सुरुवातीला परिषदेनं नोटीस काढली: कॉलेज चालेल, साधू-ब्रह्मचारी राहतील, सार्वजनिक पूजा आणि उत्सव बंद. मग चौकशी, मग मंत्र्यांकडे अपील, मग वरची न्यायालयं. १९९० साली मंत्र्यांनी परिषदेच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयांनी तोच उचलून धरला. १९९४ च्या मार्चमध्ये युरोपच्या मानवी हक्क आयोगानंही तक्रार दाखल करून घ्यायला नकार दिला. धर्मस्वातंत्र्यात हस्तक्षेप झालाय खरा, पण शेजाऱ्यांच्या हक्कांसाठी आणि नगररचनेसाठी तेवढा करता येतो, असा एकूण सूर. त्याच महिन्यात ब्रिटनभरचे हिंदू लंडनच्या रस्त्यावर उतरले. संघटकांनी आकडा ३६ हजार सांगितला.

इथं थांबून त्या नोटिशीतली विभागणी नीट पाहू. कॉलेज ठीक, पूजा नको. ब्रिटिश अधिकाऱ्याला ही विभागणी निसर्गनियमाइतकी सरळ वाटली असणार, कारण त्याच्या धर्मात ती शेकडो वर्षं रुळलेली आहे. पाद्री घडतात ते सेमिनरीत, लोक प्रार्थनेला जातात ते गावच्या चर्चमध्ये. हीथ्रॉपला धर्मशास्त्र शिकणारे तरुण होते, पण रविवारी आसपासच्या तालुक्यांतून हजारो माणसं हीथ्रॉपला लोटत नव्हती. तशी गरजच नव्हती, प्रत्येक गावाला आपापलं चर्च होतं. कायद्याचे खण त्या सवयीवरून पडले. खण कोणाविरुद्ध म्हणून पाडले नव्हते, पण ते एका घराच्या मापाचे होते.

आपल्याकडे हे माप बसतच नाही. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ साली काढली. तिथं मुलं राहतात, ज्ञानेश्वरी, गाथा, पखवाज शिकतात, कीर्तनाला उभी राहायला शिकतात. ती शाळा आहे का? आहे. देवाचं ठिकाण आहे का? प्रश्नच विचित्र वाटतो. कीर्तन शिकायचं म्हणजे लोकांसमोर कीर्तन करायचं. ऐकायला माणूस नसेल तर त्याला कीर्तन कशाला म्हणायचं? पूर्वी पाठशाळांमधली मुलं माधुकरी मागत. विद्यार्थी रोज दुपारी गावाच्या दारात उभा, गाव सणाला विद्यार्थ्याच्या दारात. शिकणं, पूजा, अन्नदान, उत्सव हे आपल्याकडे एकाच चुलीवर शिजतं. त्यातलं शिकणं तेवढं ठेवा आणि बाकीचं बंद करा, असं म्हणणं म्हणजे खानावळ चालू ठेवा पण जेवायला कोणाला बोलावू नका, म्हणण्यासारखं झालं.

म्हणून भक्तांचं अर्धं मला पटतं. कायदा वरून तटस्थ होता, पण त्याचे शब्द तटस्थ नव्हते. आणि तरी भक्तांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. ‘कॉलेज’ हा शब्द त्यांना १९७३ साली सोयीचा होता. त्या शब्दानं परवानगीची कटकट वाचवली. मनात देऊळ होतं तर कागदावर देऊळ लिहायला हवं होतं. त्याच वेळी रस्ता, वाहनतळ, सण यांवर वाद झाला असता, कदाचित नकारही आला असता. पण तो नकार पन्नास भक्तांना आला असता. चौदा वर्षांनी तो आला तेव्हा मधल्या काळात हजारो कुटुंबांची मुंज-लग्नं, नवस, आठवणी त्या जागेत अडकल्या होत्या. सोयीचा शब्द स्वस्त पडत नाही. त्याचं व्याज नंतरचे लोक भरतात. मुंबईत जुहूच्या जागेसाठी इस्कॉनचं त्याच दशकात मालकाशी आणि महापालिकेशी महाभारत झालं होतं, बुलडोझरही पाहून झाला होता. कागद कच्चा असला की काय होतं, हे या संस्थेला सांगायला नको होतं.

आता परिषदेचं न पटणारं अर्धं. भांडण जमिनीच्या वापराचंच होतं ना? गाड्यांचं, गोंगाटाचं, अरुंद रस्त्याचं? मग त्यावर उपाय काय, हे लहान मुलानंही सांगितलं असतं: गाड्या गावातून जाऊ नयेत. संस्थेनं तेच सुचवलं. शेजारच्या जमिनीतून, गाव टाळून, थेट मॅनरपर्यंत नवी वाट काढतो, खर्च आमचा. परिषदेनं तेही नाकारलं. लंडनभोवतीच्या राखीव हरित पट्ट्याला धक्का लागतो, हे कारण पुढं होतं. हरित पट्टा ही चांगली गोष्ट आहे, तिची टिंगल करायचं कारण नाही. पण आधी म्हणायचं तुमच्या गाड्यांचा त्रास आहे, आणि गाड्या दुसरीकडून न्यायचा मार्ग दाखवला की म्हणायचं त्या मार्गाचाही त्रास आहे, तेव्हा त्रास गाड्यांचा होता का, ही शंका यायलाच हवी. धर्माचा संबंध नाही असं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायची संधी त्या रस्त्यात होती. ती परिषदेनं घालवली.

शेवट सगळ्यांना माहीत असलेल्या पद्धतीनं झाला. पुन्हा चौकशी बसली, आणि १९९६ साली पर्यावरणमंत्री जॉन गमर यांनी सार्वजनिक पूजेला आणि नव्या रस्त्याला परवानगी दिली. सहा वर्षांपूर्वी त्याच खात्याच्या मंत्र्यांनी नेमकं उलट ठरवलं होतं. मध्ये कायदा बदलला नव्हता. रस्त्याची नवी योजना समोर होती हे खरं, पण १९९४ च्या मोर्चातली डोकीही होती आणि वर्षभरावर निवडणूकही होती. मंत्र्यांचा निर्णय योग्यच होता, असं मला वाटतं. पण एखादा हक्क असा मिळाला की तो हक्क वाटत नाही, कृपा वाटते. ज्यांच्याकडे ३६ हजार माणसं जमवायची ताकद नाही त्यांनी काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर त्या निर्णयात नाही.

ही कृपा नंतर आपल्यालाही लागली, आणि ती हकीकत महाराष्ट्रात पुरेशी बोलली गेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनानं २०१५ साली ते घर सुमारे ३१ लाख पौंडांना घेतलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक उघडलं. घर राहत्या वस्तीतलं. त्याचं संग्रहालय करायचं तर कॅम्डन परिषदेची परवानगी हवी होती. ती आधी घेतलेली नव्हती. नंतर मागितली तेव्हा परिषदेनं २०१८ साली नाकारली. राहती जागा कमी होते, हे एक कारण. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास होतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार. पुन्हा अपील, पुन्हा चौकशी, आणि २०२० च्या मार्चमध्ये मंत्री रॉबर्ट जेन्रिक यांनी परवानगी दिली.

हे देऊळ नव्हतं, आणि बाबासाहेबांच्या स्मारकाला कोणी देऊळ म्हणू नये हेच बरं. पण कागदाची तऱ्हा तीच. आधी उद्घाटन, मग अर्ज, मग आमच्यावर अन्याय होतोय असा सूर, शेवटी मंत्र्यांचा हात. फरक इतकाच की लेचमोर हीथला अननुभवी तरुण भक्त होते आणि इथं एक अख्खं राज्य सरकार होतं, ज्याचं स्वतःचं नगरविकास खातं आहे. जे खातं पुण्या-ठाण्यात वापर बदलाची परवानगी नाही म्हणून लोकांना नोटिसा पाठवायची व्यवस्था चालवतं, त्याच्या सरकारनं परदेशात पहिली पायरी चुकवावी, यावर मला हसू येतं आणि लाजही वाटते.

आपण या दोन्ही गोष्टी सांगतो तेव्हा आपली बाजू ठरलेली असते. आपले लोक, आपली श्रद्धा, त्यांचे अडेलतट्टू शेजारी. आता पात्रं बदलून बघू. पुण्यातलं कोणतंही जुनं बंगल्यांचं हाउसिंग सोसायटीचं आवार घ्या. एका बंगल्याचे मालक गेले, मुलं अमेरिकेत. बंगला भाड्यानं गेला आणि तिथं दर रविवारी ख्रिस्ती प्रार्थना होऊ लागली, किंवा एका फ्लॅटमध्ये मुलांना कुराण शिकवायचा वर्ग सुरू झाला. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर काय येईल, ते मी लिहायची गरज नाही. त्यातही गाड्यांचाच उल्लेख असेल, पार्किंगचाच, आवाजाचाच. आणि त्याच गल्लीत दुसऱ्या बंगल्यात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका असेल, सकाळी सहा ते रात्री बारा दीडशे पोरं, दारात दुचाक्यांचा खच. तिसऱ्यात दहावीचा क्लास. चौथ्याच्या गच्चीवर दर गुरुवारी भजन, ध्वनिवर्धकासह. त्यांच्यावर ठराव येत नाही. आपला तो बाब्या.

सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांबद्दल इथं मी बोलत नाही. रस्त्यात, चौकात, पदपथावर नवं अनधिकृत धर्मस्थळ होऊ द्यायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सांगितलेलं आहे आणि ते सगळ्यांना सारखं लागू आहे. पाळलं किती जातं हा वेगळा विषय. प्रश्न स्वतःच्या मालकीच्या किंवा रीतसर भाड्यानं घेतलेल्या घराचा आहे. तिथं शेजाऱ्याला तक्रारीचा हक्क आहे, पण कशाची तक्रार, हे ठरवायला लेचमोर हीथ उपयोगी पडतं. गाड्या मोजा, आवाज मोजा, वेळा बघा, माणसं किती आणि बाहेर पडायला दारं किती ते बघा. मग तोच मोजपट्टा क्लासला, अभ्यासिकेला, घरगुती मंगल कार्यालयाला लावा. तिथं तो लावायला हात कचरत असेल तर तक्रार गाड्यांची नाही हे कळतं. दीडशे दुचाक्यांचं ओझं रस्त्याला सारखंच, त्यावरून आलेली पोरं आतमध्ये राज्यशास्त्र वाचोत की स्तोत्र म्हणोत.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. धर्मस्थळ आणि क्लास सारखे कसे? क्लास उद्या बंद पडतो, जागा बदलतो. देव एकदा बसला की उठत नाही. तात्पुरती प्रार्थना म्हणून सुरू होतं, मग कळस चढतो, किंवा मनोरा, किंवा क्रूस, आणि मग हात लावायची कोणाची छाती होत नाही. खरं आहे. लेचमोर हीथची कथा याचाच पुरावा म्हणून कोणी वाचू शकेल: कॉलेज म्हणून आले आणि देऊळ करून बसले. म्हणूनच मी कागदावरच्या शब्दाबद्दल इतका हट्ट धरतोय. आपल्या नियमांत प्रामाणिकपणे देऊळ, मशीद, चर्च, मठ असा अर्ज करणाऱ्याला जर नकाराशिवाय काही मिळणारच नसेल, तर तो ‘सांस्कृतिक केंद्र’, ‘योगवर्ग’, ‘ट्रस्टचं कार्यालय’ असंच लिहिणार. खोटा शब्द लिहायला आपण भाग पाडायचं आणि मग तो खोटा निघाला म्हणून नोटीस काढायची, हा खेळ फार जुना झाला. खरं लिहिणाऱ्याला अटींसह होकार मिळायची वाट हवी: इतकी माणसं, इतके वाजेपर्यंत, गाड्या इथं. आणि पाळलं नाही तर काय, हेही पहिल्याच दिवशी लिहिलेलं. आणि त्रास सिद्ध झाला तरी बंदीच्या आधी उपाय मागायला हवा. रस्ता, वाहनतळ, वेळ बदलणं, आवाज आत ठेवणं. उपाय नाकारल्यावरच बंदीचा अधिकार. हर्ट्समीअरनं हा क्रम उलटा केला, आणि तेवीस वर्षांतली निम्मी तरी त्यात गेली.

मॅनरचा पसारा आता वाढलाय. गोशाळा आहे, बैलांची शेती आहे, मुलांची शाळा आहे, धर्मशिक्षणाचे वर्गही चालतात. म्हणजे ते कॉलेजही खरंच आहे, १९७३ चा कागद अगदीच खोटा ठरला नाही. १९९६ च्या परवानगीनं झालेल्या रस्त्याचं नाव आहे धरम मार्ग. हिलफील्ड लेनवरून वळून तो सरळ मॅनरच्या आवारात जातो. देवळाला माणसं मिळाली, गावाला शांतता मिळाली, आणि दोघांची गाठ पडायची जरूर उरली नाही. त्या रस्त्यानं गेलं तर लेचमोर हीथची हिरवळ वाटेत लागतच नाही.